व्हायरल लोड शून्य, सीडीफोर साडेसहाशे, तरी नागीण कशी? (एचआयव्ही आणि म्हातारी होणारी प्रतिकारशक्ती)

शिरवळकरीण

नमस्कार मंडळी. विषय जरा नाजूक आहे, आरोग्य विभागात टाकतेय, संपादकांना योग्य वाटेल तिकडे हलवा.

माझे मामा एचआयव्ही पॉझिटिव्ह आहेत. कसं झालं, कुणामुळे झालं हे कृपया विचारू नका, घरात ते पुरेसं चघळून झालंय. २००६ पासून सरकारी एआरटी (एचआयव्हीच्या औषधांच्या) सेंटरच्या गोळ्या चालू आहेत आणि मामा शिस्तीचा माणूस, लग्नकार्याला गेले तरी डबी खिशात. आता वय ५४. व्हायरल लोडचा (रक्तात विषाणू किती याचा) रिपोर्ट कायम 'टार्गेट नॉट डिटेक्टेड', सीडीफोर (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) ६४०. सेंटरवरच्या सिस्टर सगळ्यांना सांगतात, या काकांसारखं वागा म्हणून.

आणि तरी दिवाळीनंतर कमरेला नागीण झाली. ती वाळली पण ठणका गेला नाही, मग बीपी निघालं, शुगर बॉर्डरला आली, आणि आता मामा जिना चढताना मधे थांबतात, कठडा धरून. माझे सासरे सत्तरी ओलांडलेले, ते त्याच जिन्याने तरातरा वर जातात. गावातल्या फिजिशियननी सगळं ऐकून घेतलं, म्हणाले "एचआयव्हीत प्रतिकारशक्ती लवकर म्हातारी होते, चालायचंच" आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. आता मला हे कळेना की सीडीफोर चांगला म्हणजे प्रतिकारशक्ती चांगली असंच आम्हाला आजवर सांगितलं होतं ना? मग ती म्हातारी झाली म्हणजे नक्की काय झालं? भाच्याच्या हट्टाने खासगी लॅबमधून एक मोठं पॅनेल करून घेतलं, त्यात सीडीफोर-सीडीएट रेशो ०.४५ असं आलंय आणि पुढे लाल अक्षरात 'लो'. मामी तर नागिणीचा वेढा पूर्ण झाला असता तर काय झालं असतं यातच अजून अडकलेली आहे.

जाणकारांनी सांगावं.

टपरीवरचा चहा

वाचतोय. वाखुसा (वाचनखूण साठवली).

निसर्गमित्र

ताई, इतकी वर्षं केमिकलच्या गोळ्या पोटात गेल्यावर शरीर थकणारच. गोळ्या बंद करा असं मी म्हणत नाही पण जोडीला गुळवेल, आवळा, अश्वगंधा चालू करा. इम्युनिटी बूस्ट झाली की हे सगळे त्रास आपोआप जातील. आमच्या शेजारी एकांना खूप फरक पडला.

पेट्रीडिश

मी नेदरलँड्समधे इम्युनॉलॉजीच्या लॅबमधे काम करते, डॉक्टर नाहीये, त्यामुळे मामांना काय द्यायचं ते मी सांगणार नाही. म्हातारी होते म्हणजे काय होतं तेवढं सांगू शकते. लांबेल, चहा घेऊन बसा.

सीडीफोर काउंट म्हणजे नुसती डोकी मोजणं. किती पेशी आहेत ते कळतं, कुठल्या आहेत ते कळत नाही. टी पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी, सीडीफोर त्यातल्याच) ढोबळमानाने दोन जातीच्या, कोऱ्या आणि अनुभवी. कोऱ्या पेशींनी अजून एकही शत्रू पाहिलेला नसतो, नवीन आजार किंवा नवीन लस आली की त्यांच्यातूनच कुणीतरी पुढे होतं. या कोऱ्या पेशी तयार होतात छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत, आणि ही ग्रंथी वयात आल्यावर आकसायला लागते, तिची जागा चरबी घेते. हे तुमचं माझं सगळ्यांचंच होतं. एचआयव्हीत ते जास्त जोरात होतं, कारण एकीकडे विषाणू पेशी मारतोय म्हणून शरीर नवीन पेशी मागतंय, दुसरीकडे थायमसलाच मार बसतोय आणि लसिकाग्रंथींमधे, म्हणजे लिम्फ नोडमधे, जिथे या पेशी राहतात आणि पोसल्या जातात तिथे व्रणासारखे तंतू साचत जातात. मग कोऱ्या पेशींचा साठा पातळ होतो. शाळेत पहिलीचे वर्ग बंद पडलेत आणि दहावीला चारदा बसलेलेच बाकावर आहेत, पटसंख्या मात्र रजिस्टरमधे भरलेली, असा प्रकार. मामांचा ६४० हा पट आहे.

आता हे चारदा बसलेले म्हणजे कोण? सारखं सारखं विभाजन होऊन थकलेल्या पेशी. त्यांच्यावरचा सीडी२८ नावाचा रेणू गळून पडतो, सीडी५७ उगवतो, पुढे त्या फारशा वाढत नाहीत पण मरतही नाहीत, आणि बसल्या जागी दाह निर्माण करणारी रसायनं सोडत राहतात. यातल्या पुष्कळशा सीडीएट, म्हणजे लागण झालेल्या पेशी मारणाऱ्या, जातीच्या असतात. एचआयव्हीत सीडीएट वाढतात आणि गोळ्यांनी विषाणू दबला तरी त्यांची संख्या पटकन उतरत नाही. म्हणून सीडीफोर सावरला तरी रेशो सावरत नाही. निरोगी माणसात तो एकच्या वर असतो. स्वीडनमधे पंच्याऐंशीच्या पुढच्या आजी-आजोबांचा अभ्यास झाला होता, त्यांना एचआयव्ही नव्हता बरं का, तरी ज्यांचा रेशो एकच्या खाली त्यांचं पुढच्या काही वर्षांत जाण्याचं प्रमाण जास्त होतं. मामांच्या रिपोर्टवरचं लाल 'लो' त्या जातीचं आहे.

यात सीएमव्ही नावाच्या विषाणूचाही हात असतो. नागिणीच्या विषाणूचा भाऊबंद. भारतात बहुतेक सगळ्या मोठ्या माणसांच्या अंगात तो असतोच, कळतही नाही. त्याला दाबून ठेवायला शरीर इतक्या पेशी गुंतवतं की अनुभवी टी पेशींपैकी साधारण दहा टक्के त्या एकट्याच्या मागे लागलेल्या सापडतात. एचआयव्ही असेल तर ही गुंतवणूक आणखी वाढते.

आतड्याचं उद्या लिहिते, इथे रात्रीचा एक वाजलाय.

आडवातिडवा

दहावीला चारदा बसलेले 😂 मी त्यातलाच. पण समजलं.

शिरवळकरीण

पेट्रीडिश, खूप खूप आभार. म्हणजे सीडीफोरचा आकडा फसवा आहे असं समजायचं का? मामा त्या आकड्यावर फार जीव लावून आहेत हो.

डॉ. कामतीकर

फसवा नाही. सीडीफोर २०० च्या खाली असतो तेव्हा टीबी, न्यूमोसिस्टिस (बुरशीचा न्यूमोनिया), क्रिप्टोकॉकल मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणाचा बुरशीचा आजार) हे दारात उभे असतात, ६४० ला नसतात. त्या आकड्याने मामांना जिवंत ठेवलंय. फक्त तो ज्या प्रश्नाचं उत्तर आहे तो प्रश्न आता मामांचा राहिला नाही.

मी सोलापूर भागात फिजिशियन आहे, एचआयव्हीचे पेशंट बरेच बघतो. दोन गोष्टी लिहितो.

पहिली, आणि ही आज वाचा. जिना चढताना थांबणं याला "प्रतिकारशक्ती म्हातारी झाली" म्हणून सोडून देऊ नका. ५४ वर्षांचा पुरुष, बीपी, शुगर, वीस वर्षांच्या आसपास एचआयव्ही, त्याला चढताना दम लागतो किंवा छाती भरते तर आधी हृदय बघायचं. ईसीजी, इको, लिपिड, हिमोग्लोबिन, छातीचा एक्स-रे, आणि आपल्याकडे थुंकी तपासून टीबी नाही ना याची खात्री. हे या आठवड्यात करा. चालताना छातीत, हातात, जबड्यात दुखत असेल तर आठवडाही थांबू नका. तंबाखू आहे का?

दुसरी, ही जरा रागाने लिहितोय. मामांनी २००६ ला गोळ्या सुरू केल्या तेव्हा त्यांचा सीडीफोर किती होता? जुनं पुस्तक असेल तर बघा. कारण प्रतिकारशक्ती किती म्हातारी झाली हे आज किती सीडीफोर आहे यापेक्षा तो आयुष्यात सगळ्यात खाली किती गेला होता आणि किती काळ तिथे राहिला यावर जास्त ठरतं. १ एप्रिल २००४ ला सरकारने मोफत एआरटी सुरू केली, देशभरात मिळून आठ सेंटर, मुंबईचं जे.जे. त्यातलं एक. तेव्हाचा नियम होता, लक्षणं नसतील तर सीडीफोर २०० च्या खाली जाईपर्यंत थांबा. औषध थोडं, माणसं फार, जगभर तोच हिशेब होता. नंतर ती रेषा ३५० वर आली, मग ५००, आणि २०१७ पासून रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की सगळ्यांना लगेच. म्हणजे आज जे पन्नाशी-साठीत आहेत त्यांच्या पिढीला आपण खड्ड्याच्या तळाशी जाईपर्यंत थांबवलं होतं. आज पंचविशीत निदान होऊन त्याच आठवड्यात गोळी सुरू झालेल्या पोराशी मामांची तुलना होऊच शकत नाही.

शिरवळकरीण

पुस्तक काढलं डॉक्टर. १४२ लिहिलंय. खाली पेन्सिलने वजन ४१.

तंबाखू आहे. मळून. "बाकी काय सुख आहे" म्हणतात.

हिरवी_चुडी

मी सहसा फक्त वाचते. आज लिहितेय. मी स्वतः पॉझिटिव्ह, २००५ पासून गोळ्यांवर, मालक त्याच्या आधी गेले, तेव्हा औषधं विकत घ्यायची ऐपत कुणाची होती. माझा तेव्हाचा सीडीफोर ८८.

डॉक्टरसाहेब बोलले ते अगदी खरं आहे, आम्ही थांबलेली माणसं. आणि थांबून जे मिळालं ते पण कसलं, तर स्टॅव्हुडिनची गोळी. जीव वाचवला तिने, नाव ठेवणार नाही, पण गाल बसले, हातापायाच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या, तळपायाला मुंग्या, चप्पल पायातून निसटली तरी कळायचं नाही. बाजारात एकमेकींना चेहऱ्यावरूनच ओळखायचो आम्ही, आणि दुसरेही ओळखायचे. नंतर ती बंद केली सरकारने, पण गाल परत आले नाहीत.

आता टीएलडी (तीन औषधं एकात) आहे, रात्री एक गोळी, काही त्रास नाही, उलट वजन वाढलंय. पण सेंटरवर तीन महिन्यांनी गेलं की विचारणार काय, गोळ्या वेळेवर घेता का, खोकला ताप आहे का, रात्री घाम येतो का. गुडघे, झोप, विसरायला होतं, पाळी लवकर गेली, हे सांगितलं तर म्हणतात बाहेर दाखवा. बाहेर दाखवलं तर एका दवाखान्यात माझी फाईल बघून खुर्ची मागे सरकवली त्या माणसाने. मग आम्ही जायचं कुठे? मधेच.

नागीण मला पण झाली होती, दोनदा. शेजारणीने गेरू लावायला सांगितला, कुणी उतरवून घ्यायला सांगितलं. शिरवळकरीण ताई, मामीला सांगा वेढ्याचं काही खरं नाही.

पेट्रीडिश

हिरवी_चुडी ताई, लिहिलंत ते फार बरं केलंत.

मुंग्या आणि बसलेले गाल यावर एक सांगते. निसर्गमित्र म्हणतात तसं "केमिकल" म्हणून सगळ्या गोळ्या एका मापाने मोजता येत नाहीत. स्टॅव्हुडिनसारखी जुनी औषधं पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाला इजा करायची, ते एक प्रकारचं म्हातारपणच होतं. पण गोळ्या नसताना काय होतं तेही मोजून झालंय. २००६ मधे स्मार्ट नावाची चाचणी छापून आली, साडेपाच हजारांच्या जवळपास माणसं, अर्ध्यांना सांगितलं सीडीफोर २५० च्या खाली जात नाही तोवर गोळ्या बंद ठेवा, उगाच साइड इफेक्ट कशाला. ती चाचणी मधेच थांबवावी लागली. गोळ्या थांबवलेल्यांत मृत्यू जास्त, आणि गंमत नाही पण नवल म्हणजे नुसत्या एड्सच्या आजारांनी नाही, हृदय, किडनी, लिव्हरचे त्रासही त्यांच्यातच जास्त. म्हणजे विषाणू मोकळा सुटला की धमन्यांपर्यंत धग जाते. औषधापेक्षा विषाणू जास्त म्हातारं करतो हे तिथून नीट कळायला लागलं.

आता आतडं. शरीरातल्या सीडीफोर पेशींचा फार मोठा हिस्सा रक्तात नसतोच, आतड्याच्या अस्तरात असतो. लागण झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच तिथल्या पेशी मोठ्या प्रमाणात मरतात, तेव्हा माणसाला साधा ताप येऊन गेल्यासारखं वाटतं. गोळ्यांनी रक्तातला आकडा वर आला तरी आतड्यातलं नुकसान पूर्ण भरून निघत नाही. अस्तर थोडं झिरपत राहतं, बॅक्टेरियांच्या आवरणाचे तुकडे रक्तात उतरतात आणि प्रतिकारशक्तीला सतत वाटत राहतं की हल्ला चालू आहे. २००६ लाच नेचर मेडिसिनमधे हे पहिल्यांदा नीट दाखवलं गेलं. त्यात भर म्हणजे विषाणू पेशींच्या डीएनएत बसलेला असतो, गोळ्या त्याला नवीन पेशीत जाऊ देत नाहीत पण जुन्या पेशी अधूनमधून त्याचे तुकडे बनवत राहतात. व्हायरल लोडच्या मशीनला ते दिसत नाही, शरीराला दिसतं.

म्हणून निसर्गमित्र, "इम्युनिटी बूस्ट" हे इथे उलटं पडतं. या माणसांची प्रतिकारशक्ती झोपलेली नाहीये, ती वीस वर्षं जागी आहे. तिला शांत करायचंय. गुळवेलीबद्दल, २०२१ मधे मुंबईच्या लिव्हरच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेल्या सहा पेशंटची माहिती छापली होती. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, तो वाद आहे, मान्य. पण ज्याच्या लिव्हरवर आधीच इतकं काम आहे त्याने एआरटीच्या डॉक्टरांना न सांगता काढे घेऊ नयेत, एवढं तरी तुम्ही मान्य कराल.

निसर्गमित्र

मी काही कुणाला जबरदस्ती केली नव्हती. ॲलोपॅथीवाले एकमेकांची पाठ थोपटणार हे माहीत होतं.

संपादक मंडळ

धागा विषयावर ठेवावा. पॅथींचा वाद घालायला स्वतंत्र धागे आहेत, भरपूर आहेत. यापुढचे तसे प्रतिसाद अप्रकाशित होतील.

आडवातिडवा

एक शंका आहे आणि ती कुचकट वाटली तर सोडून द्या. "एचआयव्हीत माणूस दहा वर्षं आधी म्हातारा होतो" असं कुठेतरी व्हॉट्सॅपवर वाचलं. हे मोजतात कसं? आणि हे जर खरं असेल तर मामांना ६४ समजायचं? कारण मला यात जरा विमा कंपनीला आवडेल अशी गोष्ट दिसतेय.

पेट्रीडिश

शंका अजिबात कुचकट नाही, आमच्या क्षेत्रात यावरच सगळ्यात जास्त भांडण आहे.

मोजण्याची एक पद्धत म्हणजे डीएनएवर वयाबरोबर ज्या रासायनिक खुणा बदलत जातात त्या बघायच्या, त्याला एपिजेनेटिक घड्याळ म्हणतात. २०१६ च्या एका अमेरिकन अभ्यासात गोळ्यांवर असलेल्या पॉझिटिव्ह लोकांचं हे घड्याळ सरासरी पाचेक वर्षं पुढे निघालं. त्यातली महत्त्वाची गोष्ट बातम्यांत आली नाही. लागण होऊन पाच वर्षांच्या आतले आणि बारा वर्षांच्या पुढचे, दोघांत फरक जवळपास सारखाच होता. म्हणजे घड्याळ दरवर्षी वेगाने पळत नाही, ते सुरुवातीला एक उडी मारतं. २०२२ मधे लॉस एंजेलिसच्या लोकांनी तर त्याच माणसांचं लागणीआधीचं आणि लागणीनंतर दोन-तीन वर्षांनी घेतलेलं, गोठवून ठेवलेलं रक्त तपासलं, तेव्हाही दोन ते पाच वर्षांच्या मधली उडी दिसली. गोळ्या सुरू केल्यावर ती काही अंशी मागे येते असंही दिसलंय. दहा वर्षंबिर्षं व्हॉट्सॅपने गोल केलेला आकडा.

डॉ. कामतीकर

आडवातिडवा, मामांना ५४ च समजा.

अमेरिकेत निवृत्त सैनिकांवर मोठा अभ्यास झाला. एचआयव्ही असलेले आणि नसलेले, दोघांना हार्ट अटॅक कितव्या वर्षी आला ते बघितलं. वय जवळपास सारखंच होतं, काही महिन्यांचा फरक. पण अटॅक येणाऱ्यांची संख्या एचआयव्ही गटात जास्त. किडनी निकामी होणं, बरेचसे कॅन्सर, तिथेही थोड्याफार फरकाने हेच. याचा अर्थ आजार दहा वर्षं आधी येत नाही, त्याच वयात येतो पण जास्त जणांना गाठतो. पेशंटच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे कारण लवकर येणारं म्हातारपण थांबवता येत नाही, वाढलेला धोका कमी करता येतो. "चालायचंच" म्हणणारे फिजिशियन इथे चुकतात.

आणि आता कमी करता येतो याला पुरावा आहे. रिप्रीव्ह नावाची चाचणी, ४० ते ७५ वयाचे ७,७६९ पॉझिटिव्ह लोक, बारा देश, त्यात भारतही होता. सगळे गोळ्यांवर, सगळ्यांचा हृदयाचा धोका कमी ते मध्यम, म्हणजे नेहमीच्या हिशेबाने ज्यांना स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) द्यायची गरज नाही असे. अर्ध्यांना रोज पिटाव्हास्टॅटिन ४ मिलिग्रॅम दिलं. हार्ट अटॅक, स्ट्रोक वगैरे मोठ्या घटना ३५ टक्क्यांनी कमी झाल्या. २०२३ ला निकाल आला. शुगर थोडी वाढण्याचा धोका त्यात दिसला, तो डॉक्टरांनी बघायचा. मामांच्या बाबतीत हा विषय सेंटरवर आणि फिजिशियनकडे दोन्हीकडे काढा. टीएलडीबरोबर ही गोळी चालते. सेकंड लाइनवर (पहिली औषधं लागू पडेनाशी झाल्यावर) रिटोनाव्हिर असलेली औषधं चालू असतील तर मात्र सिमव्हास्टॅटिन अजिबात नाही, हे इतर वाचणाऱ्यांसाठी.

आणि रेशोची तपासणी परत परत करू नका. ०.४५ चा ०.५ झाला म्हणून औषध बदलत नाही आणि ०.४ झाला म्हणूनही बदलत नाही. तेच पैसे लिपिड, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) आणि लघवीतल्या प्रोटीनला घाला. क्रिएटिनिनवरून आठवलं, डोल्युटेग्राविर (टीएलडीमधला 'डी') सुरू झाल्यावर क्रिएटिनिन किंचित वाढलेलं दिसतं, ती किडनीची इजा नसते, बाहेर टाकायची एक वाट अडते इतकंच. पण त्याच गोळीतलं टेनोफोविर खरंच किडनीला आणि हाडांना त्रास देऊ शकतं, म्हणून दोन्ही लक्षात ठेवून वाचायचा तो रिपोर्ट.

कोकणकडा

डॉक्टर, नागिणीची लस असते म्हणे? घेता येते का अशा पेशंटना?

डॉ. कामतीकर

येते. रिकॉम्बिनंट लस, त्यात जिवंत विषाणू नाही, दोन डोस, भारतात २०२३ पासून मिळते. महाग आहे, सरकारी दवाखान्यात मिळत नाही. नागीण होऊन गेलेल्यांनाही देतात, पूर्ण बरी झाल्यावर. परवडत नसेल तर निदान बाकीच्या लसी सोडू नका. फ्लूची दरवर्षी, न्यूमोकॉकलची, आणि हेपटायटिस बी तपासून निगेटिव्ह असेल तर त्याची. कोऱ्या पेशी कमी असल्याने लस कमी धरते, म्हणून हेपटायटिस बीचा डोस अनेकदा दुप्पट देतात आणि नंतर अँटिबॉडी तपासतात. टीबी प्रतिबंधक गोळ्यांचा कोर्स झालाय का तेही पुस्तकात बघा, आपल्या देशात पॉझिटिव्ह माणसाला सगळ्यात जास्त मारतो तो अजूनही टीबीच.

आणि पुन्हा नागीण उठलीच तर गेरू लावत बसू नका, पुरळ दिसल्यापासून तीन दिवसांच्या आत नागिणीच्या विषाणूवरच्या गोळ्या सुरू झाल्या तर पुरळ लवकर वाळतं आणि दुखणं कमी होतं.

पेट्रीडिश

हिरवी_चुडी ताई, तुमच्यासाठी एक. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी झाली आहे का? पॉझिटिव्ह बायकांमधे त्याचा धोका इतरांच्या सहापट आहे असं डब्ल्यूएचओ सांगतं, कारण एचपीव्हीला (हा कॅन्सर ज्याच्यामुळे होतो तो विषाणू) हुसकावून लावायचं काम याच थकलेल्या टी पेशींचं असतं. पाळी गेली म्हणजे धोका गेला असं नाही.

हिरवी_चुडी

नाही झाली. कुणी सांगितलंच नाही इतक्या वर्षांत. सिव्हिलला होते का?

डॉ. कामतीकर

होते, ॲसिटिक ॲसिड लावून बघायची साधी तपासणी जिल्हा रुग्णालयात मोफत असते, स्त्रीरोग विभागात विचारा. एचपीव्हीची तपासणी मिळाली तर ती जास्त चांगली. आणि मुंग्यांसाठी बी१२ तपासून घ्या, सगळंच स्टॅव्हुडिनच्या खात्यावर टाकू नका.

हिरवी_चुडी

जाते या सोमवारी. सेंटरवर आमच्या गटातल्या बायका असतात, त्यांना पण घेऊन जाते. खुर्ची सरकवणारा नसला म्हणजे झालं.

टपरीवरचा चहा

मावशी, कुणी सरकवलीच तर २०१७ चा एचआयव्ही कायदा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. उपचार नाकारणं, वेगळी वागणूक देणं हा त्यात गुन्हाच धरलाय असं नाही पण बंदी आहे आणि तक्रारीसाठी राज्यात लोकपाल नेमायची तरतूद आहे. वीस किंवा जास्त माणसांचं हॉस्पिटल असेल तर तिथेच तक्रार अधिकारी असायला हवा. १०९७ ही सरकारी हेल्पलाइन फुकट आहे. (अवांतर: मी वकील आहे, चहा विकत नाही.)

शिरवळकरीण

अपडेट देते. डॉक्टर कामतीकर, तुमचा प्रतिसाद वाचून त्याच आठवड्यात मामांना सातारला नेलं. ईसीजीत बदल आहे. इको ठीक, पण स्ट्रेस टेस्टला मधेच थांबवलं त्यांनी आणि अँजिओग्राफी सांगितली आहे. टीबी नाही. हिमोग्लोबिन ११. स्टॅटिन आणि ॲस्पिरिन सुरू झालंय. शुगरसाठी मेटफॉर्मिन दिलंय ५०० ची सकाळ-संध्याकाळ, आणि हाडांसाठी कॅल्शियम.

तंबाखूची पुडी मामीने विहिरीत टाकली. मामा दोन दिवस बोलत नव्हते तिच्याशी. तिसऱ्या दिवशी भाच्याकडून नवी मागवली, पण अर्धीच मळतात म्हणे.

आता दोन प्रश्न. एक, मामा हट्टाला पेटलेत की अँजिओग्राफीवाल्यांना एचआयव्हीचं सांगायचं नाही, नाहीतर ते तारीखच देणार नाहीत. दुसरं, इतक्या गोळ्या टीएलडीबरोबर चालतात का? मेडिकलवाला म्हणाला चालतात, पण त्याने टीएलडी म्हणजे काय ते मलाच विचारलं.

डॉ. कामतीकर

दुसरं आधी. मेटफॉर्मिन आणि डोल्युटेग्राविर एकत्र असले की रक्तातलं मेटफॉर्मिन वाढतं, म्हणून दिवसाला १००० च्या वर सहसा नेत नाहीत. मामा आत्ता बरोबर १००० वर आहेत, पुढे कुणी वाढवायला निघालं तर त्यांना टीएलडीची आठवण करून द्या. अँजिओग्राफीच्या वेळी मेटफॉर्मिन थांबवायचं का तेही विचारा, किडनीच्या रिपोर्टवर ठरतं. कॅल्शियम टीएलडीबरोबर घ्यायचं असेल तर दोन्ही जेवणासोबत, उपाशीपोटी एकत्र नाही. सगळ्यात सोपं म्हणजे कॅल्शियम दुपारी, टीएलडी रात्री. ॲसिडिटीचं पांढरं औषध घेत असतील तर टीएलडी त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. ॲस्पिरिन, पिटाव्हास्टॅटिन चालतं.

पहिल्याबद्दल वकीलसाहेब सांगतील.

टपरीवरचा चहा

कायद्याने मामांना त्यांची स्थिती सांगायची सक्ती कुणी करू शकत नाही, आणि सांगितल्यावर हॉस्पिटल ती बाहेर फोडू शकत नाही. तारीख नाकारली तर कारण लेखी मागा, बहुतेक वेळा तिथेच सूर बदलतो.

डॉ. कामतीकर

कायद्याने सक्ती नाही हे बरोबर. पण गोळ्यांची यादी द्यावीच लागते, आणि यादीत टीएलडी आलं की कार्डिऑलॉजिस्टला कळतंच. माझं मत, मामांनी स्वतः सांगावं, वॉर्डबॉयला नाही, काउंटरवर नाही, थेट डॉक्टरांना एकट्याला. सोबत शेवटचा व्हायरल लोडचा रिपोर्ट ठेवा. स्टेंट बसला तर रक्त पातळ करायच्या गोळ्या वर्षभर तरी लागतील आणि त्या देताना बाकी काय चालू आहे हे त्या माणसाला माहीत असणं मामांच्याच फायद्याचं आहे. कुठल्या तारखेला आहे?

शिरवळकरीण

पुढच्या गुरुवारी. मामा म्हणतायत सांगतो, पण तू खोलीत थांब.

पेट्रीडिश

थांबा. आणि जाताना त्या १४२ वाल्या जुन्या पुस्तकाची झेरॉक्स पण घ्या, कार्डिऑलॉजिस्ट मागणार नाही पण दाखवा.